दोन पट्टे

"लिफ्टने या," मी म्हटलं, तोवर हे अर्धा जिना चढूनही गेले होते.

"अगं, दुसराच मजला आहे."

"दुसरा असो नाहीतर दहावा. लिफ्ट काय शोभेला बांधलीय?"

वळणावर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना धाप लागलेली नव्हती. मला लागली होती, पण ती मी जिन्याच्या नावावर टाकली.

"वसू, ऐक," ते म्हणाले. "आत गेलो की सगळं नीट बघ. काय विचारायचं ते विचार. मग तू सांगशील तसं. हो म्हणालीस तर हो. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. या व्यायामाच्या क्लासचा नाही आणि पांडवलेणीचाही नाही. शब्द देतो."

रमाकांत कोठावदे शब्द देतात तेव्हा तो पाळतात, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. म्हणून त्या जिन्यात मला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. एकदा नाही म्हटलं की सुटले. पण ज्या माणसाने वीस वर्षं रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्या, वर पोचून सगळं नाशिक एकदा डोळे भरून पाहिलं आणि मगच घरी येऊन चहा घेतला, त्या माणसाला कायमचं खाली बसवायचं माझ्या एका शब्दावर आलं होतं.

आदल्या वर्षी त्यांना अटॅक आला होता. आला तेव्हा हे काय म्हणाले? तर "ॲसिडिटी आहे." दरदरून घाम फुटलाय, डावा खांदा धरून बसलेत आणि तरी "काही होत नाही गं, लिंबू-सोडा दे." नशीब, शेजारचे डॉक्टर घरी होते. दोन स्टेंट टाकून माणूस घरी आला, गोळ्या सुरू झाल्या आणि त्या दिवसापासून यांच्या "काही होत नाही"वरचा माझा विश्वास साफ उडाला.

मग मी माझी व्यवस्था लावली. बाथरूमची आतली कडी सुताराकडून काढून टाकली. एवढ्याने भागेना, म्हणून आत असताना तोंडाने काहीतरी म्हणत राहायचं, असा नियम केला. बाहेर मला आवाज यायला हवा. गाणं यांना येत नाही. मग हे पाढे म्हणायचे, तेही मुद्दाम एकोणतीसचा, मला चिडवायला. आतून "एकोणतीस चोक सोळोदरशे" असं ऐकू आलं की मी पोळी उलटायची. आवाज थांबला की मी दारात. गाडी चालवायची नाही, बाजाराची पिशवी उचलायची नाही, पांडवलेणीचं नाव काढायचं नाही. पहाटे त्यांनी कूस बदलली तरी मला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत मी त्यांचा श्वास ऐकत पडून राहायची.

बिचारे डॉक्टर सांगत होते, की ट्रेडमिलवरची टीएमटी तपासणी चांगली आलीय, व्यायाम करायलाच हवा, फक्त ठोक्यांवर लक्ष ठेवून करा. हे यांच्या पांडवलेणीच्या ग्रुपमधल्या बाळासाहेब आहेरांनी ऐकलं आणि ते लगेच घरी हजर झाले. गंगापूर रोडला नवा क्लास निघालाय म्हणाले. छातीला पट्टा बांधतात, प्रत्येकाचे ठोके समोर स्क्रीनवर दिसतात, जास्त झाले की थांबवतात. आहेर स्वतः जात होते.

"वहिनी, एक दिवस फुकट बघायला मिळतं. तुम्ही बी या संगं. माणूस बसून बसून गंजून जाईल हो."

"गंजलं तरी चालेल, असू दे," मी म्हटलं होतं. तरी आले. स्क्रीनवर ठोके दिसतात, हे एकच वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं होतं. यांचं तोंड खोटं बोलत होतं. आकडा तर खोटं बोलणार नव्हता.

आत अंधारासारखा उजेड होता आणि वरातीत शोभावं असं संगीत. एका बाजूला ट्रेडमिल, एका बाजूला वल्ही मारायची यंत्रं, मागे डंबेल्स. शिकवणारी मुलगी ऋचा. अंगाने काडी, पण आवाज मात्र खणखणीत. कानाला माइक लावलेला. तिने यांची डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचली, दोन प्रश्न विचारले, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

"काका, तुम्ही हिरव्यापर्यंतच. केशरी दिसलं की मी थांबवणार. चालेल ना?"

"चालेल म्हणजे? पळेल," हे म्हणाले. मी डोळे वटारले.

तिने रंग समजावले. करडा म्हणजे आराम, मग निळा, मग हिरवा, मग केशरी, मग लाल. प्रत्येकाच्या नावाची एक चौकट, चौकटीत ठोके. "आणि एक लक्षात ठेवायचं, काकू. इथे दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. आपण फक्त आपल्याच चौकटीकडे बघायचं."

मी मान डोलावली. मला माझ्या चौकटीशी काय देणंघेणं होतं?

मग तिने टोपलीतून दोन पट्टे काढले आणि हातातल्या टॅबवर काहीतरी टाकत एक यांना दिला, एक मला. माझं लक्ष भिंतीवर होतं. प्रथमोपचाराची पेटी कुठे दिसत नव्हती. ती कुठे आहे, जवळचं हॉस्पिटल कोणतं, ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागतो, असं सगळं मी तिला एका दमात विचारलं. तिने न कंटाळता सांगितलं आणि म्हणाली, "पट्ट्याला आतून थोडं पाणी लावा, म्हणजे ठोके नीट पकडतो."

"आणा इकडे," म्हणून मी यांच्या हातातला पट्टा घेतला आणि दोन्ही घेऊन बेसिनशी गेले. कुणाकुणाच्या छातीवर बसून आलेले पट्टे, साबणाशिवाय मी यांच्या अंगाला लागू देणार नव्हते. धुतले, पुसले, पाणी लावलं. त्यांचा पट्टा जुना होता, इलॅस्टिक लोंबलेलं. माझा कोरा होता. मी माझा त्यांना दिला आणि त्यांचा मी घेतला. यात विचार असा काही नव्हता. घरात तव्यावरची पहिली पोळी त्यांची आणि करपलेली माझी, हे जसं चालतं तसंच. बायकांच्या खोलीत जाऊन मी तो सैल पट्टा कुर्त्याच्या आत गाठ मारून घट्ट केला.

बाहेर आले तर स्क्रीनवर दोन नव्या चौकटी उमटल्या होत्या. कोठावदे आर. आणि कोठावदे व्ही. दोन्ही करड्या.

आम्हाला शेजारशेजारच्या ट्रेडमिलवर उभं केलं. यांच्या पलीकडे आहेर. सुरुवातीला नुसतं चालायचं होतं. हे चालू लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभर न पाहिलेलं काहीतरी आलं. सुट्टी लागलेल्या पोरासारखे दिसत होते. मी बघत होते स्क्रीनकडे. कोठावदे आर. निळा झाला.

"अहो, हळू."

"हळूच चाललोय गं. यापेक्षा हळू म्हणजे उभं राहावं लागेल."

निळ्याचा हिरवा झाला. एवढ्यात? बाकी सगळे अजून निळ्यात होते. आहेर तर करड्यातच गप्पा मारत होते. मी ट्रेडमिलवर पाय टाकत होते की नाही, मला कळत नव्हतं. मान स्क्रीनकडे, एक डोळा यांच्याकडे.

"ऋचा, यांचं बघ. हिरवा झाला."

"हिरवं चालतं, काकू. तुम्ही तुमचं बघा. तुम्ही अजून निळ्यात आहात, जरा वेग वाढवा!"

मी निळ्यात? माझ्या कानशिलांत घण पडत होते, घसा कोरडा पडला होता आणि मी म्हणे निळ्यात. मनात म्हटलं, यंत्र माझ्या बाबतीत खुळं दिसतंय, यांच्या बाबतीत तेवढं शहाणं राहू दे.

मग ऋचा ओरडली, "चला, एक मिनिट जोरात!" सगळ्यांचे पाय धडधडू लागले. हे नुसते भराभर चालत होते, ठरल्याप्रमाणे. आणि कोठावदे आर. केशरी झाला.

मी माझं यंत्र बंद करायचंही विसरले. बाजूला उडी मारली ती जवळजवळ पडलेच. "थांबवा! अहो, थांबा! ऋचा, केशरी!"

ती धावत आली. तिने यांच्या ट्रेडमिलचा वेग उतरवला. "काका, कसं वाटतंय?"

"झकास."

"खोटं बोलतायत," मी म्हटलं. "हे असंच म्हणतात. मरत असतील तरी असंच म्हणतात!"

"वसू, मला खरंच काही होत नाहीये."

ते वाक्य. अगदी तेच वाक्य, त्याच आवाजात. त्यांच्या अंगावर घाम नव्हता, चेहरा तजेलदार होता, पण मी चेहऱ्याकडे कशाला बघू? मागे एकदा बघून काय कळलं होतं? मी स्क्रीनकडे बघितलं. आकडा चढत होता.

"खाली उतरा, काका. बसा," ऋचा म्हणाली. आहेरांनी बाकडं ओढून आणलं. हे बसले, माझ्यावर चिडून, पण बसले. संगीत बंद झालं. बाकीचे लोक आपापली यंत्रं थांबवून बघायला लागले.

माणूस बसलाय, हालचाल नाही, आणि त्याचा आकडा वर जातोय. यापेक्षा वाईट काय असतं?

"छातीत दुखतंय? खांदा? अहो, खरं सांगा हो, पाया पडते तुमच्या!"

कोठावदे आर. लाल झाला.

मी किंचाळले की नाही आठवत नाही. आहेर नंतर सांगायचे, की किंचाळले. एवढं आठवतं, की त्या क्षणी मी मनात देवाला म्हणत होते, याला पांडवलेणी चढू दे, कळसूबाई चढू दे, काय हवं ते करू दे, फक्त हा आकडा उतरव. आणि आकडा काही उतरेना.

ऋचाने यांच्या मनगटावर बोटं ठेवली होती आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने पुन्हा मोजलं. मग स्क्रीनकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"काकू, एक मिनिट शांत राहा. काकांची नाडी अगदी व्यवस्थित चाललीय. यांच्या गोळ्यांमुळे ठोके इतके वर जातही नाहीत. काका, तुमचा पट्टा दाखवता?"

यांनी टी-शर्ट वर केला. तिने वाकून पट्ट्यावरचा नंबर वाचला, टॅबवर पाहिलं.

"बारा. पण मी काकांना सात दिला होता. बारा काकूंचा."

"अहो, त्यांचा सैल होता, म्हणून मी माझा..." मी म्हणाले आणि माझं वाक्य तिथेच तुटलं.

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. ऋचा सावकाश उभी राहिली. तिने माझं कोपर धरलं आणि मला यांच्या शेजारी बाकड्यावर बसवलं.

"नाव पट्ट्याच्या नंबरावर असतं, काकू," ती हळू आवाजात म्हणाली. माइक तिने काढून ठेवला होता. "मघापासून वर दिसतंय ते तुमचं हृदय आहे."

हे स्क्रीनकडे बघत होते. मीही बघितलं. कोठावदे व्ही. केव्हाच निळ्यात परतून शांत बसला होता. आणि वर त्यांच्या नावाखाली मी, लालभडक.

"आता बसलीय ना ती," हे ऋचाला म्हणाले. "मग उतरत का नाही?"

"उतरेल, काका. थोडा वेळ लागेल."

उतरलं नाही. पाणी प्यायले, पाय सैल सोडले, तरी लालाचा केशरीसुद्धा होईना. एवढ्या लोकांसमोर मी उघडी पडले होते आणि तो आकडा ते सगळ्यांना ओरडून सांगत होता. मला रडू फुटलं. आहेर लोकांना घेऊन मागे डंबेल्सकडे गेले. तेवढं त्यांना बरोबर समजलं.

"वसू, हे रोज होतं?" यांनी विचारलं.

"काय?"

"हे. असं धडधडतं?"

मी बाहीने डोळे पुसले.

"केव्हा होतं? सांग ना."

"तुमचा पाढा थांबला की होतं," मी म्हटलं. "तुम्ही फोन उचलला नाही की होतं. तुम्ही झोपेत कूस बदलली की होतं. मला वाटायचं, काळजी म्हणजे अशीच असते. सगळ्यांचीच असते."

ते डोळे पुसायचं विसरून तसेच बसले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं. अटॅकच्या दिवशीही हा माणूस रडला नव्हता.

"वर्षभर मला वाटत होतं, की तू मला कोंडून ठेवलंयस," ते म्हणाले. "बाहेर दारात उभी राहून तुझं काय होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

मग त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, ऋचाने त्यांचं धरलं होतं तसं. "एकोणतीसचा पाढा म्हण."

"काहीतरीच काय!"

"म्हण. मला आवाज यायला हवा. एकोणतीस एके?"

"एकोणतीस," मी नाक पुसत म्हटलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक..." मला पुढचं येईना. वर्षभर रोज ऐकूनही येईना. मी ऐकत होते ते फक्त आवाज आहे की नाही, एवढंच. त्यांनी पुढचा म्हटला. मी त्यांच्यामागून म्हटला. ऋचा स्क्रीनकडे बघत उभी होती आणि कधीतरी म्हणाली, "आलं केशरीत."

निघताना तिने आपलं मत सांगितलं. "काकांना हा क्लास मानवेल, माझी हरकत नाही. तुम्हाला मात्र डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी घेणार नाही. काकू, तुमचा शेवटचा ईसीजी कधी काढलाय?"

"माझा कशाला काढायचा?" मी म्हटलं. मला खरोखरच प्रश्न पडला होता.

खाली आल्यावर गाडीची किल्ली मी त्यांच्या हातात दिली. वर्षभरात पहिल्यांदाच. सिग्नलला गाडी थांबवून त्यांनी विचारलं, "मग काय ठरलं तुझं? शब्द शब्द असतो. तू नाही म्हण, मी विषय संपवतो."

मला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण त्या आकड्याने मला एक गोष्ट दाखवली होती. यांना बाकड्यावर बसवलं, तेव्हाच तो सगळ्यात वर गेला होता. घरी बसवून ठेवूनही मला स्वस्थता मिळणार नव्हती.

"आठवड्याभराने पांडवलेणीला जायला लागा," मी म्हटलं. "आधी अर्ध्यापर्यंत. आहेरांना बरोबर घेऊन."

"आणि तू?"

"मी घरी बसून पाढे म्हणते."

ते हसले नाहीत. त्यांनी गाडी घराकडे न नेता सरळ डॉक्टरांकडे घातली.

माझ्या हृदयात बिघाड निघाला नाही. ब्लडप्रेशर मात्र चांगलंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत विचारलं, की या घरात पेशंट नक्की कोण आहे. बाथरूमला कडी पुन्हा बसली. ती यांनी स्वतः बसवली, जराशी तिरपी. अजून तशीच आहे.

ज्या सोमवारी हे पहिल्यांदा पांडवलेणीला निघाले, त्या सकाळी मी दार लावलं आणि घरात फेऱ्या मारायला लागले. ओटा पुसला, पुन्हा पुसला. वर पोचल्यावर फोन करतो म्हणाले होते. आता पहिल्या वळणावर असतील. आता दम खायला थांबले असतील. की पडले असतील? शेवटी पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा करून गंगापूर रोड गाठला. डॉक्टरांनी मलाही क्लासची परवानगी दिलीच होती, फक्त जाणं माझ्याने होत नव्हतं.

ऋचा दारातच भेटली. "काकू! एकट्याच?"

"हे पांडवलेणीला गेलेत."

तिने माझ्या मुठीतल्या फोनकडे पाहिलं. मी कपाटापाशी गेले. फोन आत ठेवला. परत काढला. वाजलेला नव्हता. पुन्हा ठेवला, दार लावून घेतलं आणि किल्ली मुद्दाम ऋचाच्या हातात दिली.

पट्ट्यांची टोपली तशीच होती. सवयीने हात आधी वरच्या, लोंबलेल्या पट्ट्याकडे गेला. तो मी बाजूला सारला. टोपलीत तळापर्यंत हात घालून कोरा, घट्ट पट्टा शोधून काढला आणि त्याच्यावरचा नंबर तिला वाचून दाखवला.

ती टॅबवर बोट धरून उभी होती. डोळ्यांत मिस्किली होती.

"कुणाच्या नावावर टाकू, काकू?"

"माझ्याच," मी म्हटलं.